मे महिन्यातला हीटर

झुलालने सीट मागे सरकवली, पाय दाराबाहेर सोडले आणि उताणं होऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. तोंडात टॉर्च धरून त्याने दोन स्क्रू फिरवले आणि हीटरच्या पंख्याच्या वाटेत बसवलेली बोटभर लांबीची पट्टी ओढून बाहेर घेतली. पट्टीवर तीन स्प्रिंगा होत्या. दोन जळून तुटल्या होत्या. मागचा, वायरी जोडणारा प्लास्टिकचा कपलर वितळून त्यांच्यावर काकवीसारखा थिजला होता.

"काय झालं?" दाराशी वाकून आधारनानांनी विचारलं.

"कॉइल गेली नाना. पंख्याचा वेग हीच कमी-जास्त करते. आधीपासून फक्त चारवरच चालत असेल."

"महिनाभर. आज चिमठाण्याच्या पुढे आलो आणि चारही बंद पडला."

"महिन्यापूर्वीच आणायची ना मग."

नानांनी मागे वळून बघितलं.

दुपारचे चार वाजले होते. दोंडाईच्यात शिरताना धुळे रस्त्याच्या तोंडाशी झुलालचं वायरिंगचं दुकान होतं, आणि त्याला लागून भिकनचं पंक्चरचं. दोन्ही दुकानांसमोर पत्र्याची हातभर सावली पडली होती. त्या सावलीत भिकन, त्याचं एक गिऱ्हाईक आणि रस्त्यावरचं कुत्रं दाटीवाटीने बसले होते. नानांची बायको द्रौपदाबाई मात्र सावली सोडून उन्हात बसली होती. तिने खुर्ची तिथेच मांडायला लावली होती. अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, डोक्यावरून शाल, डाव्या हाताला कोपरापाशी पांढरी पट्टी. बेचाळीस अंश उन्हात ती थरथरत होती.

भिकनला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो हसून म्हणाला, "मे महिनामा हीटर? नाना, डोकं तपनं का तुमनं?"

"डायलिसिस असतं तिचं," नाना म्हणाले. "मंगळवारी आणि शुक्रवारी. चार तास रक्त मशिनीतून फिरतं. अंगात रक्तही कमी आहे. परत येताना अशी गारठते. काचा लावून, हीटर चालू करून आणतो धुळ्याहून."

त्यांचा शर्ट पट्ट्यापर्यंत भिजला होता, आणि खिशावरची घामाची रेघ वाळून पांढरी पडली होती. भिकनने मान खाली घातली. थोड्या वेळाने उठून त्याने आपल्या मोपेडची चावी नानांच्या हातात दिली.

"स्टेशनबाजूला दुकान शे, तठे इचारा. नही भेटनी तं भंगारवाला शे पुढे."

नाना पोस्टमन होते. चौतीस वर्षं सायकलवर काढली. गाडी घ्यायचा विचारही त्यांच्या मनात कधी आला नव्हता. द्रौपदाबाईचं डायलिसिस सुरू झालं, पहिल्याच महिन्यात एसटीत ती दोनदा कोसळली, आणि नानांनी शहाद्याच्या एका डॉक्टरची वीस वर्षं जुनी पांढरी गाडी घेतली. चौसष्टाव्या वर्षी ते कॉलेजच्या मुलांबरोबर ड्रायव्हिंग शिकले. डॅशबोर्डवर बुद्धाची बोटभर मूर्ती चिकटवली. तेव्हापासून गाडी धुळ्याखेरीज कुठेही गेली नव्हती.

मोपेडचा आवाज दूर गेला. झुलालने पंख्याची मोटर खाली काढून घेतली आणि बॅटरीच्या दोन वायरी तिला टेकवल्या. मोटर भिंगरीसारखी फिरली. कुठे घासणं नाही, खरखर नाही. नुसत्या कॉइलचं काम होतं.

"भाऊ," द्रौपदाबाईने हाक मारली. "पंखा चालू व्हई का?"

"व्हई ना अक्का. नानानी कॉइल लई आनी, का अर्धा तासनं काम शे."

नाना गेले त्या रस्त्याकडे तिने बघितलं. मग म्हणाली, "नको करू."

झुलालला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. तो मोटर हातात घेऊन तिच्याजवळ गेला.

"काय म्हनी अक्का?"

"गाडी ठेवी ले. आठ दिन. त्यासले सांग, मोटर जळनी. काय बी सांग."

"मंग मंगळवारे कशी जाशी? दुसरी गाडी सांगू का?"

"तुले समजनं नही भाऊ." तिने शाल गळ्याशी ओढून घेतली. "माले मंगळवारे जानंच नही. पुढला शुक्करवारे बी नही. आठ दिन बस शेतस."

झुलालच्या हातातली मोटर अजून गरम होती. त्याने ती उगाचच कापडाने पुसायला घेतली.

"असं बोलू नही अक्का."

"मंग कसं बोलू? तू सांग."

झुलाल तिच्यासमोर उकिडवा बसला, आणि ऊन पाठीवर आलं तरी हलला नाही. ती बोलत राहिली, शेजारणीची हकिगत सांगावी तशा आवाजात. नाना पहाटे चारला उठतात. अळणी पोळी, अळणी भाजी स्वतः करतात. दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून ठेवतात. त्यातलं ती किती प्याली ते संध्याकाळी उजेडासमोर धरून बघतात. किडनी आता परत चालणार नाही, आणि दुसरी बसवायची तर हृदय तेवढं सोसणार नाही, असं डॉक्टर गेल्या दिवाळीतच बोलले होते. ती पडद्याआड पलंगावर होती. तिने सगळं ऐकलं. नाना पडद्याच्या बाहेर आले आणि तिला म्हणाले, सुधारणा आहे म्हणतात.

"नानासले सांगं का तू?"

"तीन खेपा सांगं. ते हासतस, आनि पेट्रोल भराले जातस."

"प्रशील काय म्हनस?" प्रशील त्यांचा मुलगा. पुण्याला नोकरीला होता.

"फोनवर रडस. मंग मीच त्याले समजाडस."

रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला. दोघांच्या अंगावर धूळ बसली.

"नानाना इचार कर अक्का," झुलाल म्हणाला.

"त्यासनाच करस. पासष्ट वरीसना मानूस. ह्या उन्हमा काचा लाईसन गाडी चालाडस. मना आगोदर तेच जातीन." तिने पट्टी बांधलेला हात मांडीवर सरळ केला. पट्टीच्या वर, दंडापर्यंत, शीर दोरखंडासारखी फुगली होती आणि तिच्यावर सुयांच्या जुन्या खुणा होत्या. "आनि मी थकनू रे भाऊ. खरंच थकनू."

ती रडली नाही. झुलालला वाटलं, रडली असती तर चार शब्द तरी सुचले असते.

नाना पाऊण तासाने आले. दुकानात कॉइल मिळाली नव्हती. भंगारवाल्याकडे तशाच गाडीचा सांगाडा पडला होता. पंख्याची मोटर कुणीतरी आधीच नेली होती, पण कॉइल जागेवर होती; आत आडवं होऊन त्यांनी स्वतः ती काढली होती. अंगठ्याला कापलं होतं. रुमालाची घडी उघडून त्यांनी कॉइलची पट्टी झुलालपुढे धरली.

"बघ, तिन्ही स्प्रिंगा शाबूत. आधी दोन स्क्रू आणि मग ओढायची. तू काढताना बघितलं होतं, म्हणून जमलं."

पंच्याण्णव टक्के मिळवलेल्या मुलाने निकालाचा कागद दाखवावा तसा त्यांचा चेहरा होता. झुलालने पट्टी हातात घेतली. बोटाने एकेक स्प्रिंग दाबून बघितली. चांगली होती. त्याने द्रौपदाबाईकडे बघितलं नाही, पण ती बघते आहे हे त्याला कळत होतं.

"कॉइल चांगली आहे नाना," तो म्हणाला. "पण मोटरही गेली."

"मोटर? मघाशी तर कॉइल म्हणालास."

"उघडल्यावर कळलं. वाइंडिंग करून आणावी लागेल धुळ्याहून. आठ दिवस धरा."

"मंगळवारी जायचंय झुलाल."

"मंगळवारपर्यंत नाही होणार."

हे वाक्य त्याच्या तोंडून निघालेलं भिकननेही कधी ऐकलं नव्हतं. तो पंक्चरच्या टाकीवरून वळून बघू लागला. झुलालचं नाव होतं ते याच गोष्टीसाठी. तुटक्या वायरीची गाडी तो ढकलून घरी पाठवत नसे. एकदा नवरदेवाची गाडी त्याने छत्रीच्या तारेवर वरातीला लावली होती.

"तू कधी नाही म्हणत नाहीस," नाना म्हणाले.

"नाही होणार नाना."

"मग भाड्याची गाडी करतो."

"भाडानी गाडीमा मी बसाव नही," द्रौपदाबाई म्हणाली.

मार्चमध्ये नानांची गाडी बंद पडली तेव्हा एकदा भाड्याची केली होती. ड्रायव्हर बिचारा अर्ध्या रस्त्यापर्यंत काचा लावून बसला. मग त्याला उलटी झाली आणि त्याने सगळ्या काचा उघडल्या. दोंडाईचा येईपर्यंत द्रौपदाबाईचे ओठ काळे पडले होते.

भिकनने रिक्षा थांबवली. नानांनी बायकोला दोन्ही हातांनी धरून आत बसवलं, शाल पायांवर नीट केली. मग परत येऊन गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवला. पत्रा तापलेला होता, तरी त्यांनी हात लगेच उचलला नाही.

"लवकर बघ," ते म्हणाले.

रिक्षा गेल्यावर झुलालने नळाखाली हात धुतले. साबणाची पूड टाकून पुन्हा धुतले.

शनिवारी सकाळी दुकान उघडल्यावर त्याने आधी दुसरी कामं घेतली. एका ट्रॅक्टरचा हॉर्न, एका पिकअपचे मागचे दिवे. पण पांढरी गाडी समोर उभी होती, आणि उघडं काम त्याला बघवत नसे. अकराच्या सुमारास त्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं. वितळलेला कपलर कापून टाकला, पाचही वायरींना पितळी टोकं दाबून लावली, वर नळी चढवली. मोटर बसवली. नानांनी आणलेली कॉइल बसवली, तिच्या कडेला त्यांच्या अंगठ्याचं रक्त वाळलं होतं, ते पुसलं. बटण फिरवलं. एक. दोन. तीन. चार. प्रत्येक वेगाला पंख्याचा आवाज बरोबर एक पायरी चढत गेला. इंजिन तापल्यावर गरम हवा यायला लागली आणि क्षणभर त्याला बरं वाटलं, काम नीट झालं की वाटतं तसं. मग त्याने बटण बंद केलं आणि सगळ्या काचा वर केल्या.

"व्हयनी का गाडी?" भिकनने विचारलं.

"नही."

त्याने नानांना फोन करायला दोनदा मोबाइल काढला. काय सांगायचं ते ठरेना. गाडी झाली आहे, हे सांगितलं तर मंगळवारी ती पुन्हा त्या पलंगावर. अक्का असं म्हणाली, हे सांगितलं तर नाना हसतील आणि पेट्रोल भरायला जातील. त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि दुपारभर जरा जास्तच जोरात बोलत राहिला.

रविवारी नाना छत्री घेऊन चालत आले.

"पाठवली मोटर?"

"पाठवली," झुलाल म्हणाला.

गाडी तिथेच उभी होती. नानांनी तिच्याकडे बघितलं, पण ते जवळ गेले नाहीत. बाकावर बसले. एरवी ते बसत नसत. उभ्यानेच बोलून निघत.

"आज ती आठ वाजेपर्यंत झोपली," ते म्हणाले.

"बरं झालं."

"चौदा महिन्यांत पहिल्यांदा. मी दोनदा जाऊन बघितलं, श्वास चालतोय ना." त्यांनी छत्री पायांशी टेकवली. "उठली आणि म्हणाली, शेवभाजी करा. झणझणीत. मी म्हटलं, डॉक्टरांनी मना केलंय. म्हणाली, करा हो. मग केली."

"खाल्ली?"

"चार घास. पण वर दोन पेले पाणी प्याली. मी बाटली बघितली नाही."

हे सांगून ते घाईने उठले. रस्ता ओलांडताना छत्री उघडायची त्यांना आठवण राहिली नाही. ती तशीच मिटलेली हातात धरून ते उन्हातून गेले.

सोमवारी पाचच्या सुमाराला ते पुन्हा आले, या वेळी रिक्षाने. झुलाल पिकअपच्या चाकापाशी बसला होता. त्याला उठायलाही वेळ मिळाला नाही.

"तिच्या पायांना सूज आलीय. बोट दाबलं की खड्डा राहतो. दुपारपासून आडवी झाली की दम लागतो, उशाशी दोन उशा लागतात. चावी दे."

"नाना, मोटर अजून..."

"राहू दे मोटर. पंख्याशिवाय नेतो. गरम पाण्याच्या पिशव्या ठेवीन, दोन गोधड्या घेईन. प्रशीलला फोन केलाय, तो उद्या परस्पर धुळ्याला येतोय. चावी दे झुलाल."

झुलालने चावी खिळ्यावरून काढून दिली. देताना त्याला वाटलं, आता सांगावं. नाना चावी घेऊन गाडीकडे निघालेसुद्धा. दार उघडून ते आत बसले, दार लावून घेतलं. इंजिन एका फेरीत सुरू झालं. आणि वर्षभराच्या सवयीने त्यांचा डावा हात पंख्याच्या बटणावर गेला.

झुलाल पिकअपला टेकून उभा राहिला. बंद काचेतून आवाज बारीक येत होता, पण त्याला तो ओळखता येत होता. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दोन. मूर्तीपाशी ठेवलेली धुळ्याच्या पेट्रोलपंपाची पावती उडाली आणि मागच्या सीटवर पडली. तीन. चार.

नाना मान वळवून बघतील असं त्याला वाटलं. ते वळले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोर बघत होते. समोर फक्त भिकनच्या दुकानाची भिंत होती आणि तिच्यावर टायरच्या जाहिरातीचा उडालेला रंग. काचा वर होत्या. हीटर चालू होता. त्यांच्या कानशिलावरून घाम वाहायला लागलेला झुलालला इथूनही दिसत होता. त्यांनी तो पुसला नाही. शेजारच्या रिकाम्या सीटकडे त्यांनी एकदा बघितलं, आणि तिथल्या जाळीची दिशा हाताने थोडी वर केली. तिथे कुणी बसलं असतं तर हवा बरोबर त्याच्या छातीवर आली असती.

भिकन जवळ आला. "चालू व्हयनी ना? मंग जात काबर नही?"

झुलालने त्याला हाताने थांबवलं.

दहा मिनिटं गेली असतील. पंखा बंद झाला. मग इंजिन. नाना उतरले, दार हळू लावलं, लागलं की नाही ते ओढून बघितलं आणि झुलालसमोर येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे लाल झाले होते. कदाचित गरम हवेने. झुलालने नजर खाली घेतली नाही.

नानांनी चावी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं वरून मिटवली.

"तीन नंबर अजून बरोबर नाही," ते म्हणाले.

"हो नाना."

"राहू दे. सावकाश कर."

"हो."

"प्रशीलला कळवतो. धुळ्याला नको, घरीच ये म्हणतो." ते रस्त्याकडे वळले. आलेली रिक्षा थांबलेलीच होती. तिच्यात बसताना त्यांना पाय वर घ्यायला दोन वेळा जोर लावावा लागला.

रिक्षा वळणाआड गेली. भिकन गाडीकडे, मग झुलालकडे बघत होता. "तीन नंबरले काय व्हयनं? मी तं आयकं ना, बराबर चाली ऱ्हायनता."

"नही भिकन," झुलाल म्हणाला. "काम बाकी शे."

तो गाडीपाशी गेला. बॉनेट उघडलं, दांडी लावून वर टेकवलं, बॅटरीची एक वायर काढून बाजूला ठेवली. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दुरून दिसावं, गाडी कामाला लावलेली आहे. मग त्याने पान्ह्यांची पेटी आणून चाकाशी मांडली आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिला.